संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवायचा?

एका राज्य विद्यापीठातल्या पर्यावरणशास्त्राच्या सहायक प्राध्यापकांनी विचारलं आहे: 'विद्यापीठाने प्रत्येक विभागाकडून समाजाभिमुख संशोधनाच्या धोरणाचा मसुदा मागवला आहे. समाजाच्या गरजा ओळखायच्या कशा? परिपत्रकात समाजाच्या मूल्यांचाही उल्लेख आहे, त्यांचा संशोधनाशी संबंध काय? आणि हे करताना मूलभूत संशोधन मागे पडणार नाही का?'

पाण्याच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांकडून गावपातळीवरचं काम करून घेण्यात आणि पुढे संशोधन समित्यांवर बसण्यात माझी नोकरीची बरीचशी वर्षं गेली. त्यावरून एक गोष्ट आधीच सांगतो. अशा बहुतेक मसुद्यांत समाज येतो तो अगदी शेवटी. विषय गाईडने ठरवलेला असतो, पद्धत जर्नलच्या अपेक्षेप्रमाणे असते, आणि प्रबंध झाल्यावर विस्तारकार्य म्हणून एक शिबिर होतं, त्याचे फोटो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलला जोडले जातात. त्या टप्प्यावर जोडण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. लोकांना जागा द्यायची तर ती दोन ठिकाणी द्यावी लागते: प्रश्न ठरवताना, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासताना. माझं सगळं म्हणणं या दोन जागांबद्दल आहे.

ज्वारीचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे हा प्रयोग साठ वर्षं चालू आहे आणि त्याचा निकाल शिवारात उभा आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. हेक्टरी उत्पादन हे एकच माप लावलं तर तो मोठा विजय होता, आणि अन्नटंचाईच्या त्या काळात तेच माप लावणं समजण्यासारखंही होतं. पण खरिपातली ही बुटकी ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, भाकरीला गावरान ज्वारीची चव नव्हती, आणि धाट आखूड म्हणजे कडबा कमी. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याच्यासाठी ज्वारी हे धान्याचं जितकं पीक आहे तितकंच वैरणीचं आहे. दुष्काळी वर्षात तर कडब्याची पेंढी दाण्याच्या बरोबरीने मोलाची ठरते. संशोधकाच्या तक्त्यात ज्याला रकानाच नव्हता, ते शेतकऱ्याच्या हिशेबात निम्मं उत्पन्न होतं.

रब्बीत मात्र वेगळंच घडलं. मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही सोलापूर, मंगळवेढा भागात पेरली जाते. जमिनीतल्या साठलेल्या ओलाव्यावर ती तग धरते, भाकरी गोड होते, कडबा जनावरं आवडीने खातात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या वर्षांत तिच्यापेक्षा जास्त उत्पादन देणारे वाण आले नाहीत असं नाही. शेतकरी ज्या कसोट्यांवर वाण पारखतो त्या सगळ्या कसोट्यांवर एकाच वेळी टिकणारे वाण थोडे आले.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे केलेलं काम मला इथे फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही. त्यांनी रब्बी ज्वारीच्या शिफारशी जमिनीच्या खोलीप्रमाणे विभागल्या. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी. वरवर पाहता ही नुसती वाणांची यादी आहे. पण त्यामागे प्रश्न बदललेला दिसतो. 'सर्वांत जास्त उत्पादन देणारा वाण कोणता' याऐवजी 'वीतभर मातीच्या रानात, एकाही पाण्याशिवाय, कोणता वाण दाणा आणि कडबा दोन्ही देईल' असा प्रश्न घेतला, तर पैदासकाराला वेगळी सामग्री जमवावी लागते, चाचण्यांसाठी वेगळी राने घ्यावी लागतात, निकालाचे तक्ते वेगळे करावे लागतात. गरज संशोधनात शिरते ती अशी, चाचणीच्या आराखड्यातून.

कृषी विद्यापीठांना एक सोय आहे जी तुमच्या-आमच्या विद्यापीठांना नाही. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक दरवर्षी होते. तिथे वाण, अवजार किंवा लागवडीची शिफारस मांडावी लागते, इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ आणि कृषी खात्याची माणसं ती तपासतात, आणि काही शिफारशी परतही जातात. ही व्यवस्था निर्दोष नाही. तिथे शेतकऱ्याचा आवाज अजून फार बारीक आहे. तरी 'तुमच्या कामातून कोणी नेमकं काय वेगळं करायचं?' हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. बिगर-कृषी विद्यापीठात असा प्रश्न विचारणारं व्यासपीठच नसतं. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, व्हायवाला, बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा आपल्यासारखेच प्राध्यापक असतात.

आता गरजा ओळखण्याकडे येतो, कारण इथे नवीन माणूस हमखास अडतो. गावात जाऊन 'तुमच्या गरजा काय?' असं विचारू नका. ग्रामसभेत हा प्रश्न टाकला की रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवे अशी यादी येते. त्यात लोकांचं काही चुकत नाही. बाहेरून फाइल घेऊन आलेला माणूस योजना घेऊनच येतो हा त्यांचा आजवरचा अनुभव आहे, म्हणून योजनेत बसेल तेच ते सांगतात. त्याऐवजी लोक आपला वेळ आणि पैसा आधीच कशावर घालवत आहेत ते पाहा. उन्हाळ्यात बाई पाण्यासाठी किती वाजता उठते, बोअर कितव्यांदा खोल केली, कोणत्या महिन्यात घरं बंद होऊन माणसं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, दवाखान्यासाठी कर्ज कोणाकडून काढलं. हे दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात धरावाच लागतो.

कागदही पुष्कळ सांगतात, आणि विद्यापीठातली फार थोडी माणसं ते वाचतात. पंचायत समितीचा टंचाई कृती आराखडा घ्या. मागची दहा-पंधरा वर्षं काढली की तीच ती गावं, त्याच त्या वाड्या दिसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी असतात. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे आहेत. ग्रामपंचायत विकास आराखडा आहे. हे चार कागद एकमेकांशेजारी ठेवले की संशोधनाचे प्रश्न आपोआप वर येतात. जिथे पाऊस भरपूर आणि टँकरही ठरलेला, तिथे काहीतरी असं आहे जे अजून कोणाला नीट कळलेलं नाही.

मोखाडा आणि शहापूर हे याचं ठळक उदाहरण. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा यांसारखी मुंबईला पाणी देणारी मोठी धरणं आहेत, मोखाड्याच्या शेजारी मध्य वैतरणा आहे. पाऊस मराठवाड्याच्या कितीतरी पट. आणि तरी उन्हाळ्यात आदिवासी पाड्यांवर टँकर जातो. कारण समजायला अवघड नाही: तीव्र उतार, बेसाल्टचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. पावसाचं पाणी ओढ्यानाल्यांतून निघून जातं आणि विहिरीला पाझर राहतो तो हिवाळ्यापर्यंत. पण कोणत्या पाड्यासाठी काय करायचं, विहिरीची जागा बदलायची, झरा बांधून घ्यायचा की लांबून नळयोजना आणायची, हे प्रत्येक ठिकाणी मोजमाप करूनच ठरवावं लागतं. त्यासाठी लागणारं ज्ञान तयार कुठेच नसतं.

आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं, सगळे त्याला सितारा म्हणतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी कर्जत, शहापूर, मोखाडा भागातल्या पाणीपुरवठा योजनांचा असा अभ्यास केला: योजना कागदावर पूर्ण असून नळाला पाणी का येत नाही, योजनेला पाणी देणारी उद्भव विहीर कोणत्या महिन्यात आटते, कोणती वाडी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला पडते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला काही आठवडे गावात राहावंच लागतं, हा तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. याच धाग्यातून पुढे २०१६ साली राज्य शासनाचं उन्नत महाराष्ट्र अभियान आलं, ज्यात स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्यातल्या विकासकामांचा अभ्यास करायचा अशी कल्पना आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे ज्याला सगळे पोकरा म्हणतात त्यासाठी, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही आयआयटी मुंबईने बसवली. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार, उतार आणि पीक घेऊन किती पाणी वाहून गेलं, किती मुरलं, पिकाला किती कमी पडलं याचं गणित ती मांडते. सुमारे ५,००० गावांच्या प्रकल्पात हे गणित वापरलं गेलं.

या कामातली जी गोष्ट तुमच्या मसुद्यात यायला हवी असं मला वाटतं ती म्हणजे कसोटी. भूजलाचं प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, चांगलं की वाईट हे शोधनिबंधात सांख्यिकीच्या आकड्याने ठरतं. पाड्यावरच्या बाईसाठी ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत हंडा बुडतो का, यावर ठरतं. दोन्ही कसोट्या खऱ्या आहेत. पण दुसरी आराखड्यात लिहिलेली नसेल तर विद्यार्थी एप्रिलमध्ये मोजमाप करायला जातच नाही, कारण तेव्हा सत्र संपत आलेलं असतं आणि परीक्षा तोंडावर असतात. अशा विषयांत प्रवेश, सिनॉप्सिस (प्रबंधाचा संक्षिप्त आराखडा) आणि प्रगती अहवाल यांच्या तारखा पावसाळा आणि उन्हाळा पाहून लावण्याची मुभा विभागाला मिळाली पाहिजे. ही मागणी किरकोळ वाटेल, पण प्रत्यक्षात निम्मं क्षेत्रीय काम इथेच बिघडतं.

परिपत्रकातल्या दुसऱ्या भागाकडे, मूल्यांकडे येतो. गरज आणि मूल्य एकत्र बोलले जातात, पण त्यांची वाटणी स्पष्ट ठेवली तर संशोधकाचं काम सोपं होतं. पाणी किती हवं ही गरज झाली. आहे ते पाणी कोणाचं, हा मूल्याचा प्रश्न झाला. पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं. दुसऱ्याचं मोजून मिळत नाही, पण मोजमाप कसं करायचं हे मात्र तोच ठरवतो.

नगर जिल्ह्याचा इतिहास बघा. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याच्या पाण्याने शेतकऱ्याचं, मजुराचं, बाजारपेठेचं काय होतं हे गावोगाव जाऊन मोजण्याचा तो मोठा प्रयत्न होता. आणि गाडगीळ अहवाल लिहून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते उतरले, त्याचे अध्यक्ष झाले. विद्यापीठीय संशोधन समाजाशी जोडलं जाण्याचं याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात सापडणं कठीण. आणि त्याच सहकारातून वाढलेल्या उसाने पुढे कालव्याच्या, धरणाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतला, हेही तितकंच खरं.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तंत्र नेहमीचंच होतं: बंधारा, विहीर, उपसा. नियम वेगळे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. आता विचार करा, कालव्यावरचा ऊस आणि पाणी पंचायत या दोन व्यवस्थांचं मूल्यमापन तुमच्या विद्यार्थ्याने करायचं आहे. 'दर घनमीटर पाण्यामागे किती रुपयांचं उत्पादन' हे माप लावलं तर निकाल एका बाजूला जाईल. 'दर घनमीटर पाण्यामागे किती कुटुंबांचं वर्षभराचं धान्य' हे लावलं तर दुसऱ्या बाजूला जाऊ शकेल. दोन्ही मापं शास्त्रीय आहेत. कोणतं निवडलं आणि का, हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उघडपणे लिहिलेलं असावं, आणि ते निवडताना ज्यांचं पाणी आहे त्यांच्याशी बोलणं झालेलं असावं. समाजाच्या मूल्यांशी सुसंगती म्हणजे व्यवहारात एवढं तरी असायलाच हवं. 'संशोधन मूल्यनिरपेक्ष असतं' असं म्हणून हा निर्णय टाळणारा माणूसही निर्णय घेतच असतो, फक्त तो बहुधा आधीच्या शोधनिबंधांतलं माप उचलतो.

मूल्यांचा दुसरा भाग म्हणजे श्रेय आणि मालकी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्या रानात वेगळी दिसलेली धानाची लोंबी जपली, वर्षानुवर्षं निवड करत तिचा वाण तयार केला. त्याच सुमारास लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून तो एचएमटी म्हणून ओळखला गेला आणि पूर्व विदर्भात, बाहेरही पसरला. १९९० च्या दशकात अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्याचं बियाणं नेऊन शुद्ध निवड केली आणि पीकेव्ही-एचएमटी हा वाण १९९८ साली प्रसारित केला. शुद्धीकरण हे खरंच शास्त्रीय काम आहे आणि ते गरजेचं होतं. पण मूळ निवड करणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा लाभ मिळाला नाही, श्रेयाचा वाद त्यांच्या हयातभर राहिला. २०१८ साली त्यांचं निधन झालं तेव्हाची त्यांची आर्थिक स्थिती सगळ्या महाराष्ट्राने वाचली आहे. आज २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने वाण नोंदवता येतो. २००२ चा जैवविविधता कायदा आहे. कायदा असला तरी सुरुवात विद्यापीठातच व्हावी लागते: कोणाकडून बियाणं, औषधी वनस्पतीची माहिती, गाणी, वहीतले हिशेब घेतले तर ते कोणाच्या नावावर राहतील हे घेण्याआधीच लिहून द्यायचं. नंतर लिहितो म्हटलं की ते राहतं.

तिसरं म्हणजे लोकांपुढे उत्तरदायित्व. 'सर्च' ही गडचिरोलीतली संस्था विद्यापीठ नाही, पण विद्यापीठांनी तिच्याकडून पद्धत शिकावी. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम सुरू केलं. त्यांचा स्वतःचाच एक सांगितलेला अनुभव आहे: सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर अभ्यास केला, शास्त्रीय दृष्ट्या तो महत्त्वाचा होता, पण आदिवासींना तो आपला प्रश्न वाटला नाही. त्यानंतर प्रश्न निवडण्याची दिशा बदलली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं १९८९ साली लॅन्सेटमध्ये मांडलं. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच समजलं जायचं. जो प्रश्न बायका आपापसात बोलत होत्या तो जगाच्या वैद्यकीय चर्चेत आला. पुढे नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याची पद्धत ३९ गावांत तपासली गेली, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेटमध्येच आले, आणि २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहतात तो कार्यक्रम त्यावर उभा आहे.

समाजोपयोगी संशोधन म्हणजे दुय्यम दर्जाचं, जर्नलला न चालणारं, असं सहकारी म्हणतील तेव्हा हे उदाहरण पुढे ठेवा. प्रश्न लोकांचा असला तर पद्धत अधिक कडक लागते, कारण उत्तर चुकलं तर कोणाचं तरी मूल जातं.

आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: निष्कर्ष परत नेणं. ज्या गावांत प्रश्नावली भरून घेतली तिथे परत गेलेले किती प्रबंध तुम्हाला माहीत आहेत? ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच. त्यांपैकी एका सभेत मराठीतली दोन पानं वाचून दाखवायची, शक्य असेल तिथे गोंडी, कोरकू, भिलीत सांगायची, आणि लोकांनी घेतलेल्या हरकती प्रबंधात जशाच्या तशा नोंदवायच्या. यात खर्च जवळजवळ काहीच नाही. हरकती फार मोलाच्या असतात. 'तुम्ही विहीर मोजली त्या दिवशी शेजारची मोटार चालू होती' असं एखादा माणूस सहज बोलून जातो आणि तुमचा एक आलेख बाद होतो. गाईडला किंवा परीक्षकाला हे कधीच दिसलं नसतं. मानवी सहभागाच्या आरोग्य संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समुदायाचा सहभाग आणि लाभ परत पोचवणं यावर स्पष्ट बोलतात. समाजशास्त्र, पर्यावरण, अभियांत्रिकी या विभागांनी तीच शिस्त आपणहून लावून घ्यायला हरकत नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा लागू आहे तिथे, तर ग्रामसभेची संमती आधी घ्या, सरपंचाची सही म्हणजे ग्रामसभा नव्हे.

आता मसुद्यात प्रत्यक्ष काय लिहावं. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ आहे, त्यामुळे नवीन समिती मागू नका. असलेल्या मंडळाला एक काम द्या: दर दोन वर्षांनी जिल्ह्यातल्या प्रश्नांची एक वही तयार करायची. तिच्यात टंचाई आराखडा, आरोग्य केंद्राच्या नोंदी, बाजार समिती, ग्रामसभा, कामगार संघटना यांच्याकडून आलेले प्रश्न असावेत, आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणी विचारला हे असावं. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात अशीच खिडकी उघडली होती: ज्या गटाकडे पैसे नाहीत त्याने प्रश्न आणायचा, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अभ्यासाचा भाग म्हणून तो सोडवायचा. आपल्याकडे ही वही पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विषय निवडण्याआधी वाचायला द्यावी. त्यातलाच विषय घ्या अशी सक्ती नको.

संशोधन सल्लागार समितीत, निदान क्षेत्रीय विषयांसाठी, एक बाहेरचा माणूस असावा: पाणीपुरवठ्याचा शाखा अभियंता, अनुभवी आशाताई, बागायतदार, मच्छीमार सोसायटीचा सचिव. त्याला मतदानाचा अधिकार नियमात बसत नसेल तर निमंत्रित म्हणून बोलवा, पण प्रवासभत्ता आणि मानधन द्या. दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला चहा-बिस्किटावर परत पाठवणं योग्य नाही. तसंच प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात गावातल्या माणसांच्या वेळेचा मोबदला आणि निष्कर्ष परत नेण्याचा खर्च असे दोन स्वतंत्र मथळे ठेवा. मथळा नसेल तर वित्त विभाग ते बिल पास करणार नाही, आणि मग चांगल्या हेतूचं सगळं काम प्राध्यापकाच्या खिशातून चालतं, म्हणजे बंद पडतं.

बढतीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या मनात असणार. तरुण प्राध्यापकाने दोन वर्षं गावात घालवली आणि हाती आला मराठी अहवाल, तर त्याला गुण कुठे मिळणार? परिस्थिती थोडी सैल झाली आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, आणि २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादीही बंद झाली. जर्नल चांगलं की वाईट हे ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे बरीचशी संस्थांवर आली आहे. ही संधी घ्या. शासनाने किंवा जिल्हा परिषदेने स्वीकारलेला अहवाल, बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी तपासलेला, याला विभागीय पातळीवर शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावं, असं मसुद्यात सरळ लिहा. मात्र 'तपासलेला' हा शब्द सोडू नका. तपासणी नसलेल्या अहवालांचा ढीग झाला तर पाच वर्षांत या कामाची पत जाईल आणि ती परत मिळवणं फार अवघड असतं. तुमच्या मसुद्यातली सर्वांत कडाक्याची चर्चा याच कलमावर होईल, तयारीने जा.

शेवटी मूलभूत संशोधनाबद्दल. तुमची भीती खरी आहे. गणितज्ञाने किंवा खगोलशास्त्रज्ञाने अर्जात 'सामाजिक उपयुक्तता' या रकान्यात काहीतरी ओढूनताणून लिहायचं, ही पद्धत सुरू झाली तर त्यात समाजाचाही तोटा आहे, कारण तो रकाना खोटं बोलायला शिकवतो. ज्ञानाची आस हेही समाजाचंच मूल्य आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पल्सार म्हणजे स्पंदन करणाऱ्या ताऱ्यांच्या अचूक नोंदींतून गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा जो पुरावा २०२३ साली जगापुढे आला, त्यात या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा आहे. खोडदच्या शेतकऱ्याला त्याने पाणी मिळत नाही, भावही मिळत नाही. पण राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे जे प्रदर्शन भरतं त्याला आजूबाजूच्या शाळांतली मुलं हजारोंनी येतात, स्वतः केलेली उपकरणं मांडतात. त्याच वेळी हेही खरं की दुर्बिणीला रेडिओ शांतता लागते, म्हणून परिसरात उद्योगांवर मर्यादा येतात, पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हा प्रश्न पुढे आला. मूलभूत विज्ञानसुद्धा कोणाच्या तरी जमिनीवर उभं असतं आणि त्याची किंमत कोणीतरी देत असतं. त्या माणसांशी बोलणं, त्यांना मराठीत समजावून सांगणं, त्यांचं म्हणणं ऐकून घेणं एवढी अपेक्षा मूलभूत संशोधकाकडून जरूर ठेवावी.

म्हणून मसुद्यात दोन वाटा वेगळ्या ठेवा. क्षेत्रीय आणि उपयोजित विषयांसाठी वर सांगितलेल्या अटी: प्रश्न कोणाचा ते लिहिणं, माप का निवडलं ते सांगणं, ग्रामसभेत किंवा संबंधित गटापुढे निष्कर्ष ठेवणं. मूलभूत विषयांसाठी उपयुक्ततेचा रकाना काढून टाकणं आणि त्याजागी चार पानांचा मराठी सारांश मागणं, जो बारावी झालेल्या वाचकाला कळेल. भाषा आणि मानव्यशास्त्रांना यातल्या दुसऱ्या वाटेवर आपोआप ढकलू नका. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं त्यात गावोगावच्या माणसांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला आहे, आणि तो लोकांना ऐकता येईल अशा रूपात खुला आहे. ज्यांनी आपली बोली दिली त्यांच्यापर्यंत ती परत गेली. तुमच्या विद्यापीठातल्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांना मसुद्याच्या पहिल्याच बैठकीला बोलवा, कारण लोकांशी बोलावं कसं, नोंद घ्यावी कशी आणि कोणाचं म्हणणं सुटून जातंय हे ओळखावं कसं, याचं शिक्षण विज्ञान विभागांपेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.